हिटची तीन रूपं

"कट कट कट, पुट पुट पुट, शट शट शट, हिट हिट हिट." आठवीच्या वर्गात हा गजर सुरू झाला की शेजारच्या वर्गातले गुरुजी दार लोटून घ्यायचे. क्रियापदांची तीन रूपं पाठ करणं हे मराठी शाळेतल्या मुलांचं इंग्रजीतलं सगळ्यात कष्टाचं काम. गो-वेंट-गॉन, ब्रिंग-ब्रॉट-ब्रॉट करता करता पोरं रडकुंडीला यायची. म्हणून तिन्ही रूपं सारखी असलेली क्रियापदं आली की वर्ग खुलायचा. एक पाठ केलं की तीन येतात, असा तो आनंद.

मी १९८५ साली सोलापूर जिल्ह्यातल्या एका गावात इंग्रजी शिकवायला लागले. तेव्हा मराठी शाळेत एबीसीडी पाचवीत सुरू व्हायची. पहिलीपासून इंग्रजी आलं ते २००० साली. माझ्यासमोर बसलेल्या मुलांच्या कानावर ती भाषा फक्त माझ्या तोंडून पडत होती. त्यामुळे मी फळ्यावर जे लिहीन तेच इंग्रजी. मी फळ्यावर लिहिलं होतं, 'हिट म्हणजे मारणे'. खाली रेघ ओढली होती.

मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. "बाई, आय हिट हिम म्हणल्यावर आज मारतोय का काल मारलं ते कसं कळायचं? हिटेड म्हणलं तर लगेच कळंल की." वर्ग हसला. मला तो उद्धटपणा वाटला. टेबलावर लाकडी पट्टी असायची, तीस सेंटीमीटरची. "हात पुढं कर." त्यानं हात पुढं केला. तळव्यावर निळ्या शाईचा डाग होता, अंगठ्याच्या बुडाशी. मी एकच मारली. त्यानं तोंडातून आवाज काढला नाही. हात काखेत दाबून धरला आणि तसाच जाऊन जागेवर बसला. पुढचा सगळा तास त्यानं डाव्या हातानं वहीची पानं उलटली.

मधल्या सुट्टीत मुख्याध्यापकांनी विचारलं, तेव्हा मी म्हणाले, "हलकेच मारलं सर. लागलं नसेल." हे वाक्य तेव्हा सहज निघून गेलं. आता ते माझा पिच्छा सोडत नाही.

त्याच्या प्रश्नाला उत्तर होतं, आणि ते सोपं होतं. 'ही हिट्स' म्हणजे तो मारतो, 'ही हिट' म्हणजे त्यानं मारलं. शेवटचा स गेला की काळ बदलला. 'आय' आणि 'दे' यांच्या मागे मात्र तो स नसतोच, तिथं 'यस्टर्डे'सारखा शब्द किंवा मागचं-पुढचं बोलणंच काळ सांगतं. मधल्या काळातल्या इंग्रजीत या क्रियापदाचं भूतकाळी रूप 'हिट्टे' असं होतं. शेवटचा स्वर बोलण्यातून झिजला आणि मागे नुसतं हिट उरलं. म्हणजे तो पोरगा जो प्रत्यय मागत होता, तो एके काळी तिथं होता. त्या जागेवरून काहीतरी गळून गेलंय हे त्याला तेराव्या वर्षी, एका वाक्यावरून कळलं होतं. बक्षीस द्यावं असा प्रश्न होता तो.

आणखी एक चूक मी वर्षानुवर्षं तांबड्या शाईनं खोडत आले. मुलं 'हिट' न म्हणता 'हीट' म्हणायची, मग मारण्याचं तापवणं व्हायचं. पण मराठी कानाला ते बरोबरच होतं. गीत, पीठ, नीट, वीट, तीट. असल्या छोट्या शब्दात आपला इकार दीर्घच पडतो. मुलं त्यांच्या भाषेचा नियम चोख पाळत होती.

निवृत्तीनंतर आता घरावर एक खोली चढवली. गेल्या महिन्यात स्लॅब टाकला. गवंडी जाताना बजावून गेला, "बाई, सकाळ-संध्याकाळ पाणी मारा. हयगय केली तर तडे जात्यात." स्लॅबवर त्यानं वाळू-सिमेंटची बोटभर उंचीची आळी घालून दिली होती, शेतातल्या वाफ्यांसारखी. त्यात पाणी साठवायचं, आणि बाजूच्या कडांवर, कॉलमवर पाईपनं मारायचं. सिमेंट वाळून घट्ट होतं असं मी इतकी वर्षं धरून चालले होते. ते वाळून नाही, पाणी पिऊन घट्ट होतं. पाण्याशी त्याचा रासायनिक संयोग होतो आणि तो कित्येक दिवस चालू राहतो. पाणी कमी पडलं तर तो अर्धवट राहतो. नवा स्लॅब म्हणजे तान्हं मूल. त्याला उन्हात कोरडं पडू द्यायचं नाही.

तर पहिल्या संध्याकाळी पाईपच्या तोंडाशी अंगठा धरून मी पाणी मारत होते आणि एकदम मनात आलं, हे मी काय करते आहे? मारते आहे. ज्या शब्दाखाली मी फळ्यावर रेघ ओढली होती, तोच हा शब्द. आणि यात मारण्यासारखं काय आहे?

मग दिवसभराचं आठवत गेले. सकाळी अंगणात सडा मारला. झाडूवाल्या बाईंनी जिन्याला झाडू मारला. भावानं हाक मारली, त्याच्याशी गप्पा मारल्या. शर्टाच्या बटणाला दोन टाके मारले, दोऱ्याला गाठ मारली. पोस्टातल्या माणसानं पावतीवर शिक्का मारला. शेजारच्या मुलानं गाडीला किक मारली, कोपऱ्यावर ब्रेक मारला. रंगारी म्हणाला, अजून एक हात मारावा लागेल. शेतावरून फोन आला की तुरीवर औषध मारायचं आहे. दुपारी शेजारणीची नात आली आणि तिनं गुडघ्याला मिठी मारली. एका दिवसात किती वेळा मारलं, आणि कुणालाच काही झालं नाही.

यातल्या पुष्कळ ठिकाणी मला एक हालचाल दिसते. हात किंवा आवाज एकदाच, झपाट्यानं सुटतो. टाका, शिक्का, उडी, शिट्टी, डुबकी. हाकसुद्धा फेकलेल्या दगडासारखी जाते आणि बोलवायच्या माणसाजवळ पडते. गप्पांना मात्र हा हिशेब लावू नये. त्या आपण मारतो, हाकतो, छाटतो आणि झोडतोही. गप्पांवर आपला जीव इतका की हाताशी येईल ते क्रियापद त्यांना दिलं. आणि मन मारणं, भूक मारणं, पोट मारणं हे तिसरंच. तिथं हात कुठंच हलत नाही. तिथं काहीतरी खरोखर मरतं.

कारण मारणे याचा मूळ अर्थच तो. संस्कृतातला 'मृ' हा मरण्याचा धातू, त्याचं प्रयोजक रूप 'मारयति', म्हणजे मरायला लावतो. मरणे-मारणे ही जोडी पडणे-पाडणे, तरणे-तारणे यांच्यासारखीच. आयुर्वेदातल्या रसशास्त्रात सोन्या-लोखंडासारख्या धातूचं भस्म करण्याच्या क्रियेला अजूनही 'मारण' म्हणतात. जीव घेण्याचा हा शब्द घरात आला, अंगणात आला, आणि झिजत झिजत मिठीपर्यंत पोचला. 'हन्'चंही तेच झालं. संस्कृतात हन् म्हणजे प्रहार करणं आणि ठार करणंही. त्याचं आपल्याकडचं रूप हाणणे, ते फटक्यापाशी थांबलं आणि आता जेवायला बसलं आहे. दोन भाकऱ्या हाणल्या, असं आमच्याकडचा शेतकरी म्हणतो तेव्हा त्यात नुसती भूक आणि समाधान असतं.

जुना अर्थ गेला मात्र नाही. तो एका इवल्याशा प्रत्ययाच्या पलीकडे उभा आहे. 'कुत्रं मारलं' म्हटलं की कुत्रं मेलं. 'कुत्र्याला मारलं' म्हटलं तर ते बहुतेक केकाटत पळून गेलं. वाघ मारला, साप मारला, डास मारला, यात कुणी वाचत नाही. बैलाला मारलं, मांजराला मारलं, यात ते जनावर उद्या पुन्हा दारात दिसणार. 'ला' लागला की समोरचा कुणीतरी होतो, त्याला नुसतं काहीतरी राहू देत नाही. माणसाला हा 'ला' बहुतेक वेळा लागतोच, म्हणून त्याच्या बाबतीत आपल्याला 'ठार मारलं', 'जिवे मारलं' असं फोड करून सांगावं लागतं. व्याकरण इतकी वर्षं शिकवलं, पण हा 'ला' मला पाण्याच्या पाईपाशी उभं राहून कळला.

माझी मुलगी स्वीडनमध्ये असते. नात पाच वर्षांची आहे. घरात मराठी, बालवाडीत स्वीडिश, त्यामुळे तिच्या बोलण्यात दोन्हीची सरमिसळ. रविवारी फोनवर आम्ही लपाछपी खेळतो. म्हणजे ती फोन सोफ्यावर उभा करून ठेवते आणि स्वतः लपते, आणि मी इथून विचारत राहते, पडद्यामागे आहेस का, दाराआड आहेस का. मधेच डाव उलटतो. ती बाहुली मी सांगेन तिथं लपवते आणि मग स्वतःच शोधायला निघते. एकदा बाहुली उशीखाली सापडली तेव्हा ती जोरात ओरडली, "हित्तादे!"

मी दचकले. "काय म्हणालीस?"

"हित्तादे, आजी. सापडली!"

मुलीला विचारलं. स्वीडिशमध्ये 'हित्ता' म्हणजे सापडणं, शोधून काढणं, आणि 'हित्तादे' हा त्याचा भूतकाळ. फोन ठेवल्यावर मी बराच वेळ तशीच बसले. प्रत्ययासकट, भूतकाळासकट तोच शब्द होता तो. हिटेड.

मग मी शोधायला बसले. इंग्रजीतला हिट मूळचा इंग्रजांचा नव्हेच. जुन्या इंग्रजीत प्रहार करण्याला दुसरं क्रियापद होतं, 'स्लेआन'. त्याचं आजचं रूप 'स्ले', म्हणजे ठार करणं. जर्मनमधला त्याचा भाऊबंद 'श्लागेन' मात्र अजून नुसता मारतो, जीव घेत नाही. आपल्याकडे जीव घेणारा शब्द फटक्यावर आला. त्यांच्याकडे फटक्याचा शब्द जीव घ्यायला लागला. त्याची रिकामी झालेली जागा ज्यांनी भरली त्यांच्यात हा हिट होता. तो आला उत्तरेकडच्या वायकिंगांच्या नॉर्स भाषेतून, जी आजच्या स्वीडिशचीही पूर्वज. इ.स. ७९३ मध्ये त्यांनी लिंडिसफार्न बेटावरच्या मठावर हल्ला केला, आणि पुढची दोन-अडीचशे वर्षं ते इंग्लंडमध्ये लुटायला, मग शेती करायला, मग नांदायला येत राहिले. एग, स्काय, विंडो, नाइफ, टेक हे रोजचे इंग्रजी शब्द त्यांच्याकडचेच. त्यांच्या भाषेत 'हित्ता' म्हणजे गाठ पडणं, एखाद्यापाशी येऊन पोचणं, सापडणं. इंग्रजीत येऊन त्याचा आघात झाला. पोचणं जरा जोरात झालं की धडक होते, तसं काहीसं. पण जुनी गाठभेट त्या शब्दात अजून आहे. 'हिट अपॉन अॅन आयडिया' म्हणजे कल्पनेला मारणं नव्हे. कल्पना सापडणं, सुचणं.

मुलांना मी 'हिट म्हणजे मारणे' सांगितलं, ते इथं साफ चुकलं. हिट म्हणजे मारणे आणि लागणे, दोन्ही एकात. इंग्रजीत दगड हिट झाला तर तो पोचलाच, टेकलाच. हिट केलं पण स्पर्श झाला नाही, असं त्या भाषेत म्हणता येत नाही. मराठीत बिनदिक्कत म्हणता येतं. दगड मारला, पण लागला नाही. हाक मारली, पण ऐकू गेली नाही. नेम मारला, चुकला. मारणं ही करणाऱ्याची बाजू आणि लागणं ही सोसणाऱ्याची, अशी आपल्याकडे सरळ वाटणी आहे. लागणे हे क्रियापद तर केवढं मायाळू आहे. ठेच लागते, भूक लागते, झोप लागते, ओढ लागते, औषध लागू पडतं. जे आपल्यापर्यंत येऊन पोचतं ते लागतं. गाणं हिट होतं ते याच अर्थानं. कुणी कुणाला मारत नाही, गाणं येऊन लोकांना लागतं. नॉर्स हित्ताचा खरा शेजारी आमचा मारणे नव्हे, लागणे आहे.

आणि याच वाटणीत मी लपले होते. "हलकेच मारलं सर. लागलं नसेल." मारलं हे मी सांगू शकत होते, ती माझी बाजू होती. लागलं की नाही हे सांगण्याचा अधिकार फक्त त्या मुलाचा होता, आणि त्याला मी विचारलं नव्हतं. इंग्रजीत मला ही पळवाट मिळाली नसती. 'आय हिट हिम' म्हटल्यावर लागण्याची जबाबदारीही माझ्या गळ्यात पडली असती. माझी भाषा मला प्राणापलीकडे आवडते, पण तिच्या या फटीत आपण सगळेच किती सहज शिरतो. दोन फटके मारले तर काय झालं. आम्ही काय कमी मार खाल्ला? आईनं मारलेलं लागत नाही. यातल्या प्रत्येक वाक्यात लागणं कुणाचं आणि ठरवतंय कोण, ते बघावं.

वर्तमानपत्रात 'हिट अँड रन' वाचते तेव्हाही हेच आठवतं. भारतीय न्याय संहितेत बेदरकार गाडी चालवून कुणाचा जीव घेणाऱ्या आणि न कळवता पळून जाणाऱ्या चालकासाठी दहा वर्षांपर्यंतच्या कैदेची तरतूद केली होती. त्यावरून जानेवारी २०२४ मध्ये ट्रकचालकांनी चाकं थांबवली आणि पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. संहिता त्या वर्षीच्या १ जुलैला लागू झाली, ते पोटकलम मागे ठेवलं गेलं. कायद्याचा वाद कायदेवाले बघतील. मला तो शब्दच खुपतो. हिट अँड रन ऐकताना क्रिकेट चालल्यासारखं वाटतं. आमच्याकडे लोक म्हणतात, गाडीनं उडवलं. त्यात माणसाचं अंग हवेत गेलेलं दिसतं. आणि त्या गुन्ह्यातला दुसरा भाग, पळून जाण्याचा, तो म्हणजे तरी काय? लागलं का, हे बघायला न थांबणं.

मी थांबले नव्हते, म्हणून बोलते आहे. शिक्षण हक्क कायदा २००९ सालचा, लागू झाला १ एप्रिल २०१० ला. त्याच्या सतराव्या कलमानं शाळेत मुलांना शारीरिक शिक्षा करायला आणि मानसिक त्रास द्यायला मनाई केली. शिक्षकांच्या खोलीत तेव्हा बरीच कुरकुर झाली, आता पोरं डोक्यावर बसणार वगैरे. मी पट्टी त्याच्या कितीतरी आधी कपाटात टाकली होती, पण कुरकुरणाऱ्यांना एका शब्दानं उत्तर दिलं नाही, हेही खरं आहे. स्वीडननं १९७९ सालीच घरातसुद्धा, आई-वडिलांनीसुद्धा मुलाला मारायचं नाही असा कायदा केला, आणि असा कायदा करणारा तो जगातला पहिला देश. माझी नात तिथं वाढते आहे. तिला मराठीतला 'मारणे' माहीत आहे तो हाकेचा, उडीचा आणि मिठीचा.

परवाच्या रविवारी ती लपायला धावली आणि बुटक्या टेबलाच्या कडेवर तिचा गुडघा आपटला. स्वयंपाकघरातून मुलीनं विचारलं, "लागलं का गं?" नातीचे ओठ थरथरायला लागले. आपल्याकडे अशा वेळी मोठी माणसं जे करतात तेच मी इथून केलं. खाटेच्या कठड्यावर चापट मारली आणि म्हणाले, "हत् रे टेबला! आमच्या बाळाला लागलं!"

ती रडायची थांबली. माझ्याकडे बघत राहिली, मग टेबलाकडे.

"आजी, त्याला नको मारू. ते तिथंच होतं. मीच त्याला हित्ता केलं."

तिनं खाली वाकून टेबलाच्या कडेवरून हात फिरवला, मग स्वतःच्या गुडघ्यावरून. मी विचारलं, "लागलं का खूप?" ती म्हणाली, "थोडंसं. इथं," आणि गुडघा फोनच्या इतका जवळ आणला की पडद्यावर नुसती गुलाबी कातडी आणि त्यावरचा लाल ओरखडा तेवढा दिसत होता. मी तो नीट बघितला.

खालून गवंडी हाका मारत होता. पाणी मारायची वेळ झाली होती.